जाताना शिन्नर, येताना नाशिक

"मला सगळं दिसतंय!"

"काय दिसतंय? सांगा बरं, सिन्नरकडून ते काय येतंय?"

"काय येतंय म्हंजे? यष्टी येती."

"नीट बघा."

"अगं, लाल हाय ना? लाल हाय, मोठी हाय, म्हंजे यष्टी. मला काय शिकवती तू?"

ती लाल, मोठी वस्तू धूळ उडवत जवळ आली आणि दोघींच्या अंगावर पाण्याचे चार शिंतोडे टाकून नाशिककडे निघून गेली. पाण्याचा टँकर होता.

"आता बोला मावशी."

"टँकर तर टँकर. हात केला की टँकर बी थांबतो."

"थांबला कुठे? गेला की!"

"मी हात कुठं केला?"

लताबाईंनी कपाळावर हात मारला. हसू येत होतं, पण हसवत नव्हतं. कारण हे भांडण टँकरवरून सुरू झालंच नव्हतं. थोड्याच वेळापूर्वी, याच जागी, धोंडाबाई पहिलीतल्या एका मुलीचा हात धरून मोटारीपुढे गेल्या होत्या.

शहाऐंशी सालचा जानेवारी. नाशिकरोड मागे पडलं की पुणे रस्त्याला एका अंगाला पंचशील वसाहत लागत असे आणि बरोब्बर समोर, दुसऱ्या अंगाला, शाळा. मधे रस्ता. सिन्नरकडून येणारे कांद्याचे ट्रक, पुण्याच्या यष्ट्या, ऊस भरलेल्या बैलगाड्या, रिक्षा आणि हल्ली हल्ली दिसू लागलेल्या लुना. वसाहतीतली मुलं रोज हा रस्ता ओलांडून शाळेत जात आणि त्यांना ओलांडून नेई ती धोंडाबाई. शाळेच्या फाटकाशी पेरू, बोरं, चिंचा विकणारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, एका हातात पोराचं मनगट आणि दुसरा हात वर. तो हात वर गेला की ट्रकवाला ब्रेकवर उभा राही.

त्या सकाळीही ट्रक थांबला होता. अर्धा रस्ता पार झाला. मग धोंडाबाईंनी नाशिकच्या बाजूला मान वळवली, क्षणभर थांबल्या, आणि पाऊल टाकलं. नाशिककडून एक नवी कोरी, पांढरी, छोटी मोटार येत होती.

लताबाई शाळेतल्या बालवाडीत शिकवायच्या. त्या फाटकात उभ्या होत्या. त्यांना मोटार दिसत होती, मावशी दिसत होत्या, मुलीच्या वेण्यांच्या लाल रिबिनी दिसत होत्या. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं तर मूल जागच्या जागी थांबणार, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्या धावत रस्त्याच्या कडेला आल्या आणि दोन्ही हात वर करून मोटारीच्या समोर दिसतील अशा उभ्या राहिल्या. मोटार किंचाळत तिरकी झाली. धोंडाबाईंच्या लुगड्याला वारा लागला एवढंच. आतल्या माणसाने खिडकीतून शिव्या घातल्या आणि तो गेला.

आणि धोंडाबाई विचारत होत्या, "काय झालं गं? कोन वरडला?"

तिथे लताबाईंना कळलं. मावशींना ती मोटार दिसलीच नव्हती.

"किती दिवस झाले?" टँकर गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

"दिसतंय. जरा धुरकट दिसतंय. थंडीचं धुकं असतंच की."

"दुपारी बारा वाजताही?"

"तू बालवाडीत जा बरं. पोरं रडत असतील." आणि धोंडाबाईंनी टोपली उचलली. बोलणं संपवायचं असलं की त्या टोपली उचलत.

लताबाई बालवाडीत गेल्या, पण त्या दिवशी त्यांनी एक गाणं दोनदा म्हटलं आणि एक अजिबातच म्हटलं नाही. मुलांच्या लक्षात आलं. त्यांच्या डोळ्यांपुढे सारखा तो रस्ता येत होता, आणि रस्ता आला की पंच्याहत्तर सालही येत होतंच.

त्या साली त्यांचा मुलगा नागसेन पहिलीत गेला. लताबाई तेव्हा वसाहतीत नव्यातल्याच म्हणायच्या. नवरा निवृत्ती छापखान्यात कामाला, सासरे चळवळीतले जुने कार्यकर्ते. जून महिना, नवं दप्तर, नवा गणवेश. नागू दारातून पळाला, आणि लताबाईंना दिसलं की डबा ओट्यावरच राहिला. त्या डबा घेऊन रस्त्यापर्यंत धावल्या. पोरगं रस्त्याच्या मध्यावर पोचलं होतं.

"नागू! ए नागू! डबा!"

नागू वळला. वळला आणि उभा राहिला. हसला सुद्धा. सिन्नरकडून ट्रक येत होता.

पलीकडून एक बाई धावत आली. टोपलीतली जांभळं सगळीकडे सांडली, त्या बाईने पोराचं मनगट धरलं आणि खेचलं. ट्रक जांभळं चिरडत गेला. रस्त्यावर जांभळा डाग पडला. तो डाग बघून लताबाईंना पुढे कित्येक दिवस जांभूळ खाववलं नाही.

आणि त्या बाईने, नागूला मांडीशी दाबून धरून, पहिला शब्द काय काढला?

"मागनं हाक मारू नाय! येवढं बी कळत नाय व्हय गं तुला?"

लताबाई रडत होत्या, पण हे वाक्य ऐकताच त्यांची पाठ ताठ झाली. मागून हाक मारू नये, मांजर आडवं जाऊ नये, 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं! त्यांच्या घरात हे सगळं सासऱ्यांनी छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हा, उंबऱ्याबाहेर काढलं होतं. सासरे म्हणायचे, देव गेले तर त्यांचे चमचे कशाला ठेवायचे.

"आम्ही असलं काही मानत नाही!" लताबाई रडता रडता म्हणाल्या.

"काय मानत नाय?"

"हेच. मागून हाक मारली की अपशकुन होतो वगैरे. आम्ही बौद्ध आहोत."

ती बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं बाय, तू बौद्ध अस नायतर आनखी कोन अस. ट्रक मानतो ना! शकुन-अपशकुनाचं कोन बोललं? मागनं हाक ऐकली की पोरगं वळतंय. वळलं की थांबतंय. आन् मधी थांबलेलं पोरगं पुढं पळनार का मागं, ते ट्रकवाल्यानं कसं वळखायचं? तू तरी वळखलं असतं का?"

 रात्री लताबाईंनी निवृत्तीला सांगितलं तर त्याने आधी पोराला जवळ घेतलं. मग म्हणाला, "आजपासून आपल्या घरात मागून हाक मारायची नाही."

"अहो, मामंजी काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्यांना म्हणावं, हा शकुन नाही, वाहतुकीचा नियम आहे."

सासरे ऐकून एवढंच म्हणाले, "त्या बाईला चहाला बोलाव."

ते मात्र सोपं नव्हतं.

धोंडाबाई सिन्नरजवळच्या खेड्यातल्या. घर शेतकऱ्याचं, नवरा बहिरू तापाने गेलेला, एकुलती लेक लंका लासलगावला दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात शेतात ढेकूळही उरलं नाही तेव्हा त्या सरकारी कामावर खडी फोडायला बसल्या. दुष्काळ सरला तसं खेडं सोडलं, नाशिकरोडला आल्या, वसाहतीच्या मागच्या चाळीत एक खोली घेतली आणि शाळेपुढे टोपली मांडली. रस्त्यावर त्यांचा हक्क ठरलेला होता.

"ह्या रोडाची खडी मी फोडलीय," त्या ट्रकवाल्यांनाही सांगत. "माझ्या रोडावर दमानं चालवायचं."

निवृत्ती त्यांना मुद्दाम चिडवायचा. "मावशी, तुमची खडी घोटीच्या रस्त्याला गेली असेल. इथली वेगळी."

"जाऊ दे ना. रोडाला रोड लागतोच की कुठं तरी!"

पण हे हसणं-खिदळणं नंतरचं. पहिल्यांदा लताबाई दुसऱ्या दिवशी पितळी पेल्यात चहा घेऊन गेल्या तेव्हा धोंडाबाई म्हणाल्या, "आज उपास हाय बाय." त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आत्ताच झाला." तिसऱ्या दिवशी लताबाई गेल्या नाहीत. न सांगता समजायच्या गोष्टी लहानपणापासून समजत आल्या होत्या. राग आला का? आला. पण संध्याकाळी नागू 'आई' म्हणत दारातून आत आला की तो राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही. ज्या हाताने चहा घेतला नाही, त्याच हाताने मनगट धरलं होतं. दोन्ही खरंच होतं.

मग पुढल्या वर्षी आषाढात, एका सकाळी, दारात धोंडाबाई उभ्या. निथळत होत्या.

"लता, घरात हायेस का? चहा टाक. आन् साखर जास्त टाक, पावसानं गारठले."

ना स्पष्टीकरण, ना काही. खाली बसल्या, बशीत ओतून फुरकन प्यायल्या, बशी स्वतःच विसळून ठेवली. लताबाईंनीही काही विचारलं नाही. त्या दिवसापासून सकाळचा पहिला चहा मावशींचा.

मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. कुणी कौतुक केलं की त्या म्हणत, "पुन्य-बिन्य काय नाय. गिऱ्हाईक हाय माझं ते. गिऱ्हाईक शाबूत राहिलं तर धंदा!" पण सुट्टीच्या दिवशी, टोपली नसतानाही, त्या नाक्यावर घिरट्या घालत, कारण रविवारी मुलं पलीकडच्या मैदानावर खेळायला जात.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. आधी त्या मुलांना सांगत, "जेवायच्या हाताकडं बघ पहिलं, मग दुसऱ्या." उजवं-डावं लहान मुलांच्या ध्यानात राहत नाही, जेवायचा हात राहतो. पण वसाहतीत एक डावखुरी मुलगी निघाली. घरच्यांनी धपाटे घालूनही ती डाव्याच हाताने जेवायची, आणि मावशींच्या शब्दाला जागून रस्त्यावर पहिलं डावीकडेच बघायची! ती पठ्ठी नेमकं नको तिकडे बघून चालू पडली तेव्हा मावशींनी हात-बित सोडून दिले.

"आता ऐका रं. शाळंत जाताना पहिलं शिन्नर बघायचं, मग नाशिक. घरी येताना पहिलं नाशिक, मग शिन्नर. काय?"

"जाताना शिन्नर, येताना नाशिक!" पोरं एका सुरात ओरडली, आणि मग ते वसाहतीचं गाणंच झालं. लंगडी खेळतानाही तेच. एका कुटुंबाची बदली सटाण्याला झाली तर त्यांचा मुलगा म्हणे तिथल्या रस्त्याच्या कडेला बसकण मारून बसला, "इथं शिन्नर कुठाय ते आधी सांगा."

बाकीचंही असंच. यष्टी उभी असली की तिच्या पुढून जायचं नाही, तिला जाऊ द्यायचं, "तिच्या आड काय हाय ते तुला दिसत नाय आन् तू हायेस ते त्याला दिसत नाय." पळायचं नाही, पळणारा पडतो. आणि गाडीकडे बघून भागत नाही, ड्रायवरच्या डोळ्यात बघायचं. "त्यानं तुला बघितलं का, ते तू बघ. गाडीला डोळे नसत्यात." अंधार पडल्यावर मळ्यातून परतणाऱ्या बायकांना त्या दटावत, "गाडीला पाठ दाऊ नका गं! समोरून गाड्या येतील त्या अंगानं चाला. येनारा दिसला तर बाजूला तरी व्हाल."

अशी अकरावी गाठली नागसेनने. मिसरूड फुटलं, आवाज फुटला, आणि अजून तो रस्ता ओलांडताना आधी सिन्नर बघतो, हे बघून लताबाईंना रोज बरं वाटायचं. रोज. कामाच्या घाईत, भाकरी करपत असताना सुद्धा.

आणि आता गाडीला डोळे नसतात म्हणणारीचेच डोळे गेले होते.

आता मागचं सगळं उलगडत गेलं. मावशी हल्ली पेरू हाताळून का बघत होत्या. चहाची बशी ठेवताना ओट्याची कड आधी बोटांनी का चाचपत होत्या. रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी क्षणभर मान तिरकी का करत होत्या. त्या ऐकत होत्या! ट्रकचा घरघराट, यष्टीचा खडखडाट, रिक्षाचा फटफटाट. वर्ष-दीड वर्ष त्या कानांनी रस्ता ओलांडत होत्या आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण ती नवी छोटी मोटार आली, आणि तिला आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई लवकर नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू कशाला इथं?" धोंडाबाईंनी आवाजावरून ओळखलं.

"आजपासून मुलांना मी नेणार."

"तू? मागनं हाक मारनारी?"

"अकरा वर्षांत पुन्हा मारली का?"

"हात कर बघू."

लताबाईंनी हात वर केला.

"कसा केला?"

"वर केला की."

"अगं, नवऱ्याला 'या' म्हन्ल्यावानी केला आसशील. पंजा उघड! दांडगा हात कर."

"तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"ट्रक थांबला नाय ते ऐकू आलं की!"

मुलं हसली, लताबाई हसल्या, आणि धोंडाबाई कडेच्या दगडावर बसून राहिल्या. सगळा वेळ शेरे मारत होत्या. पण घंटा झाली, मुलं आत गेली, आणि लताबाईंनी सहज वळून पाहिलं तर मावशी हाताच्या मुठी वळून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या, पंगतीतून उठवलेल्या माणसासारख्या. आणि शाळा सुटल्यावर, लताबाई बालवाडी आवरत होत्या तेवढ्यात, मावशी एकट्याच दोन मुलांना घेऊन पलीकडे पोचल्या सुद्धा.

"मावशी!" लताबाई पलीकडे जाऊन त्यांच्यावर खेकसल्या.

"पोरं थांबली व्हती. भूक लागली व्हती त्यांना."

"तुम्हाला काही झालं असतं तर? मुलांना काही झालं असतं तर?"

"झालं का?"

 म्हणून त्या रविवारी, नाशिकरोडला डोळे तपासण्याचं शिबिर होतं, तिथे लताबाईंनी मावशींना नेलं. म्हणजे चष्म्याचा नंबर काढू असं सांगून नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी मारली, पापण्या वर केल्या.

"आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी उजवा करून टाकू."

"उजवा म्हंजे शिन्नरकडचा?"

डॉक्टरांनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाई म्हणाल्या, "हो मावशी, शिन्नरकडचाच."

"मग नाशकाकडचा कधी?"

"तो नंतर," डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण माणूस चांगला होता. "ऑपरेशनला घाबरू नका. आमची गाडी येऊन घेऊन जाईल. थोडे दिवस दवाखान्यात, मग महिनाभर घरी जपायचं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीचा धूर नाही, ओझं नाही. घरात कोण कोण आहे?"

"मी हाय," धोंडाबाई म्हणाल्या.

"आणखी?"

"आनखी कशाला?"

"आम्ही आहोत," लताबाई म्हणाल्या. "माझ्याकडे राहतील."

येताना रिक्षात धोंडाबाई कडेच्या दांडीला धरून बाहेर तोंड करून बसल्या.

त्यानंतर त्या चहाला आल्या नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. लताबाई चाळीत जाऊन आल्या तर खोलीला कडी. नाक्यावर भेटायच्या, पण मान तिसरीकडे. शिबिराची गाडी यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत दुसऱ्या दिवसाच्या विक्रीचे पेरू, भरगच्च.

"सांगायला आले. मी काय यायची नाय."

"आत तर या."

आत निवृत्ती पेपर वाचत होता, नागसेन अभ्यासाला बसला होता. मावशींनी टोपली उतरवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"का येणार नाही?" लताबाईंनी विचारलं.

"पोरांना कोन नेईल?"

"मी नेते आहे की."

"तुझा हात लेचापेचा हाय."

"आता ट्रक थांबतात. परवा तर यष्टी थांबवली. कंडक्टरला वाटलं मला चढायचंय."

निवृत्ती हसला. मावशी हसल्या नाहीत.

"शिन्नरच्या सखुबाईचा डोळा गेला आपरेशनात."

"ऑपरेशनात नाही गेला. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली ती. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी बी न्हाईन."

"मी न्हाऊ देणार नाही. म्हणून तर इथे राहायचंय ना."

 धोंडाबाई टोपलीतला एक पेरू उचलून तो बोटांनी फिरवत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "लंकाच्या सासरी काय म्हन्तील?"

 नागसेनने पुस्तकातून मान वर केली.

"काय म्हणतील?" लताबाई म्हणाल्या.

"तुला ठाव हाय."

"मला ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"म्हन्तील, म्हातारीला पोटच्या पोरीचं घर नव्हतं का, म्हून महिनाभर तिकडं जाऊन खाल्लं, झोपली."

"तिकडं म्हणजे?"

"आता तू वकिलावानी नको इचारू."

"बरं, नाही विचारत." लताबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो चढलाही नाही, ओला झाला. "मावशी, हा बसलाय ना समोर, तो तुमच्यामुळे बसलाय. मी तुमचे उपकार फेडत नाही. ते फिटायचे नाहीत आणि मला फेडायचेही नाहीत, असू दे ते माझ्या अंगावर. पण तुम्ही रोज त्या रस्त्यावर पाऊल टाकता आणि मी फाटकातून बघत असते. मला सहन होत नाही. तुम्ही मेलात तर मी कुणाला मावशी म्हणू?"

"मेले तर रोडावर मरीन. माझ्या खडीवर."

"आणि हातातलं मूल?"

धोंडाबाईंचा पेरू फिरायचा थांबला.

"त्या दिवशी त्या पहिलीतल्या मुलीचा हात तुमच्या हातात होता," लताबाई म्हणाल्या. "तुम्ही एकट्या असतात तर मी हट्ट केला नसता कदाचित. पण तुम्ही एकट्या कधी असताच कुठे? तुमचा हात रिकामा दिसला की कुठलं तरी मूल येऊन तो धरतंच."

बाहेर रस्त्यावर ट्रकने गियर बदलला. मावशींनी सवयीने मान तिरकी केली आणि मग तसं केल्याचं लक्षात येऊन सरळ बसल्या.

"आणि लंकाच्या सासरचं म्हणाल," लताबाई पुढे म्हणाल्या, "तर एकच सांगा. नागूचा हात धरलात, तेव्हा विचारलं होतंत का, हा कुणाचा, कुठल्या घरचा?"

"तवा येळ कुठं व्हता?"

निवृत्तीला ठसका लागला. लताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशींच्या त्या पांढुरक्या, गढूळ डोळ्यांत सरळ पाहिलं.

"आणि वेळ असता, तर विचारलं असतंत?"

धोंडाबाई भिंतीला हात लावून उठल्या. टोपली उचलली. लताबाईंना वाटलं, झालं, आता गेल्या. पण त्या चाचपडत ओट्यापाशी गेल्या, ओट्याखालचं सूप पायाने पुढे ओढलं आणि टोपली त्यात उपडी केली. पेरू धडाधडा पडले, काही सुपात, काही घरभर. एक घरंगळत नागसेनच्या पुस्तकाला जाऊन टेकला. रिकामी टोपली त्यांनी भिंतीशी पालथी ठेवली, वर चुंबळ ठेवली, आणि पदर सारखा केला.

"अहो मावशी, हे काय? हा तर उद्याचा माल!" लताबाई पेरू गोळा करत, गुडघ्यांवर बसून म्हणाल्या. "उद्या सकाळी काय विकणार?"

धोंडाबाईंनी पायांनी चपला शोधल्या, एकेक करून घातल्या, आणि दाराबाहेर पडता पडता म्हणाल्या, "बोचकं घेऊन येते. उद्या गाडीत इथनंच बसीन."